हिरवा कोपरा : कळलावीशी मैत्री, पण हात राखून!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो.

पानाच्या टोकाला बोट आहे, पण हात नाही.
अंगावर ज्वाळा आहेत, पण धूर नाही.
अर्धं वर्ष झोपते, पण घोरत नाही.
ओळखा पाहू, मी कोण?

कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या दोस्तांनी एव्हाना हात वर केला असणार! बरोबर. ही आहे कळलावी. श्रावण-भाद्रपदात एस.टी.च्या खिडकीतून बाहेर पाहिलं, की करवंदीच्या जाळीवर, कुंपणावर, गडग्याच्या दगडांवर मध्येच लाल-पिवळा जाळ पेटल्यासारखा दिसतो. तीच ही. म्हणून तिचं दुसरं नाव अग्निशिखा. संस्कृतात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. तिचा जमिनीतला कंद नांगरासारखा वाकडा असतो, त्यावरून हे नाव पडलं. काही ठिकाणी तिला वाघनखीही म्हणतात. पण वाघनखी हे नाव दुसऱ्याही एका झाडाला आहे, तेव्हा घोटाळा नको. जगभर चालणारं तिचं शास्त्रीय नाव लक्षात ठेवा: ग्लोरिओसा सुपर्बा. वनस्पतींना नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली ते छापलं. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ साधारण 'वैभवशाली आणि दिमाखदार' असा होतो. नावात जराही अतिशयोक्ती नाही, बरं का!

रानातली ही वेल कुंडीतही छान वाढते आणि एकदा लावली की वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा उगवते. मात्र तिच्याशी मैत्री करायची तर काही नियम पाळावे लागतात. त्यातला सगळ्यात मोठा नियम आधी सांगतो, आणि मग लागवडीकडे वळतो.

आधी हे वाचा, मग पुढे जा

कळलावी विषारी आहे. थोडीथोडकी नाही, चांगलीच विषारी. कंद, खोड, पानं, फुलं, बिया, एकही भाग सोडलेला नाही. कंदात आणि बियांत विष जास्त. आयुर्वेदात तिची गणना उपविषांत केलेली आहे, म्हणजे जुन्या वैद्यांनाही हे पक्कं ठाऊक होतं.

या विषाचं नाव कोल्चिसिन. आपलं शरीर पेशींचं बनलेलं असतं आणि त्या पेशी सतत एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा विभागत असतात. जुन्या पेशी जातात, नव्या येतात. पोटाच्या आतलं अस्तर, रक्त, केस या ठिकाणी तर हे काम अखंड चालू असतं. कोल्चिसिन नेमकं हेच काम बंद पाडतं. कंद पोटात गेला तर लगेच काही कळत नाही. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात आणि मग एकेक अवयव थकत जातो. श्रीलंकेत या वेलीला नियंगला म्हणतात. तिथे रताळं किंवा दुसरा खायचा कंद समजून लोकांनी हिचा कंद शिजवून खाल्ला आणि जीव गमावला, अशा घटना डॉक्टरांनी नोंदवून ठेवल्या आहेत. शिजवल्याने विष जात नाही, हेही त्यातून समजतं.

म्हणून पाच गोष्टी पाठ करून टाका:

१. कळलावीचा कुठलाही भाग तोंडात घालायचा नाही. गंमत म्हणूनही नाही, कुणी पैज लावली तरी नाही.
२. कंद हाताळण्याचं काम मोठ्या माणसांचं. त्यांनीही रबरी हातमोजे किंवा हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळूनच करायचं. काहींच्या कातडीला तो झोंबतो.
३. पानाला, फुलाला हात लागला तर साबणाने हात धुवायचे, मगच डोळे चोळायचे किंवा खाऊच्या डब्याला हात लावायचा.
४. ही कुंडी बटाटे, रताळी, आलं, हळद, करांदे यांच्या जवळ ठेवायची नाही. तिची जुनी मातीही भाजीच्या वाफ्यात टाकायची नाही.
५. छाटलेली वेल गुरं-शेळ्या चरतात तिथे फेकायची नाही. त्यांनाही ती बाधते. कोपऱ्यात खड्डा करून पुरून टाकायची.

आणि चुकून कुणाच्या पोटात गेलीच तर? दिसायला काही होत नसलं तरी थांबायचं नाही. घरगुती उपाय करत बसायचं नाही. १०८ क्रमांकाला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने थेट दवाखान्यात जायचं, आणि डॉक्टरांना ओळखता यावं म्हणून वेलीचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्यायचा. 'आई रागावेल' म्हणून ही गोष्ट लपवायची तर मुळीच नाही. इथे वेळेला फार किंमत आहे.

आई-बाबांसाठी चार ओळी

घरात रांगणारं बाळ असेल, सगळं तोंडात घालणारं पाच वर्षांच्या आतलं मूल असेल किंवा कुंड्या उकरणारं कुत्र्याचं पिल्लू असेल, तर कळलावी लावू नका. बालवाडीच्या आणि प्राथमिक शाळेच्या आवारातही नको. तिला रानात, कुंपणावर पाहा आणि घरी गोकर्णाची वेल लावा. वाचता येणारी, समजून घेणारी मुलं घरात असतील तर मात्र जरूर विचार करा. आपल्या आजूबाजूला कण्हेर, धोतरा, एरंड अशी विषारी झाडं आहेतच. मुलांना ती ओळखायला शिकवणं हे ती नजरेआड करण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. पण निर्णय तुमचा. कुंडी गच्चीवर किंवा गॅलरीत, लहानांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहा: 'कळलावी. विषारी. उकरू नये.'

विषाची दुसरी बाजू

तुम्ही म्हणाल, एवढी विषारी वेल निसर्गाने केलीच कशाला? अहो, हे विष तिने तुमच्या-आमच्यासाठी केलेलं नाही! वर्षातले निम्म्याहून अधिक महिने ती फक्त कंदाच्या रूपात जमिनीखाली असते. उंदीर, साळिंदर, रानडुक्कर हे सगळे कंद उकरून खाणारे. त्यांच्यापासून वाचायचं तर काहीतरी हत्यार हवंच ना?

याच कोल्चिसिनचं अगदी मोजूनमापून केलेलं औषध डॉक्टर 'गाऊट' नावाच्या सांधेदुखीवर देतात. तामिळनाडूत तिरुप्पूर, करूर, दिंडिगुल या भागांत शेतकरी कळलावीची शेती करतात ती तिच्या बियांसाठी. या बिया औषधी कंपन्यांकडे जातात. फुलं उमलली, की तिथे माणसं हाताने एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलाला लावत शेतभर फिरतात.

आणि आता गणिताची गंमत. पेशी विभागताना तिच्यातली गुणसूत्रं दुप्पट होतात आणि मग दोन्हीकडे सारखी वाटली जातात. कोल्चिसिन ही वाटणी अडवतं, म्हणजे दुप्पट झालेली गुणसूत्रं एकाच पेशीत राहतात. १९३७ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी याचा वनस्पतींवर वापर सुरू केला. कलिंगडाच्या पेशीत २२ गुणसूत्रं असतात. त्याच्या रोपावर कोल्चिसिनचा प्रयोग करून ४४ गुणसूत्रांचं झाड मिळवलं. ४४ वाल्याचा २२ वाल्याशी संकर केला, तर पिल्लाला मिळतात निम्मी-निम्मी, म्हणजे २२ अधिक ११ बरोबर ३३. तेहेतीसची दोन सारखी वाटणी होते का? नाही! म्हणून अशा कलिंगडात नीट बी धरतच नाही. बिनबियांचं कलिंगड ते हेच. जपानच्या हितोशी किहारा यांनी हे तंत्र विकसित केलं.

कंद कुठून आणायचा?

'त्यात काय, रानातून उपटून आणू!' असं कुणाच्या मनात आलं असेल, तर ते तिथेच थांबवा. कळलावी बीपासून वाढून फुलावर यायला तीन-चार वर्षं लागतात. तुम्ही खुरप्याने पाच मिनिटांत काढलेला कंद म्हणजे रानाने कित्येक वर्षं जपलेली ठेव असते. औषधासाठी रानातून कंद उपसल्यामुळे ही वेल अनेक भागांत कमी झाली आहे. शिवाय राष्ट्रीय उद्यानातून किंवा अभयारण्यातून झाड उपटणं हा कायद्याने गुन्हा आहे.

तेव्हा कंद आणायचा तो रोपवाटिकेतून, किंवा ज्यांच्या बागेत कळलावी आहे अशा ओळखीच्यांकडून. मे महिना ही त्यासाठी उत्तम वेळ, कारण तेव्हा कंद झोपलेला असतो. चांगला कंद टणक, फिकट तपकिरी, बोटाएवढा जाड आणि इंग्रजी 'व्ही' किंवा 'एल' अक्षरासारखा दिसतो. त्याच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक कोंब दडलेला असतो. बटाट्यासारखे डोळे अंगभर नसतात, फक्त टोकाला एक! ते टोक मोडलं, की तो फाटा गेला. म्हणून कंद उचलताना अंडं उचलावं तसा उचला. म्हणजे 'उचलायला सांगा', कारण काम मोठ्यांचं आहे, आठवतंय ना?

लागवड

साहित्य: एक फूट खोल आणि एक फूट रुंद कुंडी, दोन भाग बागेची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडसर वाळू, थोडे विटांचे तुकडे, हातमोजे.

कृती: कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे ना ते पाहा. त्यावर विटांचे तुकडे पसरा. माती, खत, वाळू एकत्र कालवून कुंडी पाऊण भरा. त्यावर कंद आडवा ठेवा, उभा खुपसू नका. वरून दोन-तीन इंच मातीचा थर द्या. एका कुंडीत एकच कंद लावा. पाणी एकदाच, माती ओली होईल एवढं घाला आणि मग कोंब वर येईपर्यंत फक्त माती अगदीच कोरडी पडली तर शिंपडा.

जागा कशी हवी? रानात ही वेल झुडपात उगवते. तिचा पायथा झुडपाच्या सावलीत असतो आणि डोकं उन्हात. आपणही तसंच करायचं. कुंडी दुसऱ्या कुंड्यांच्या आडोशाला ठेवा आणि वेल वर उन्हात जाऊ द्या. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळालं तरी पुष्कळ.

पाणी साचणं हा कळलावीचा सगळ्यात मोठा शत्रू. मुसळधार पावसात कुंडीखालची बशी काढून टाका. बशीत पाणी राहिलं, की कंद कुजलाच म्हणून समजा.

पानाचं बोट

दोन ते चार आठवड्यांत मातीतून एक हिरवा भाला वर येतो. तो बघता बघता पाच-सात फूट चढतो. पण कशाच्या आधाराने? काकडी-कारल्याच्या वेलीला खोडावर वेगळे तणावे फुटतात. कळलावीचं तसं नाही. तिचं पानच टोकाशी निमुळतं होत होत बारीक दोरी बनतं आणि दिसेल त्या काडीला वेटोळं घालतं. हेच ते कोड्यातलं बोट!

हे बोट नाजूक असल्यामुळे त्याला बारीकच आधार लागतो. जाड बांबू, गुळगुळीत भिंत, लोखंडी पाइप यांचा उपयोग नाही. म्हणून कुंडीत दोन-तीन बांबूच्या काठ्या रोवून त्यांच्यामध्ये सुतळी आडवी-उभी बांधा. नाहीतर वाळलेली, बारीक फाटे असलेली फांदी खोचा. मात्र हे सगळं कंद लावतानाच करायचं. नंतर काठी खुपसायला गेलं, तर ती नेमकी कंदाच्या टोकात घुसायची!

एक प्रयोग करून पाहा. पानाच्या टोकाजवळ एका बाजूला सुतळी आणि दुसऱ्या बाजूला जाड पेन्सिल येईल असं बांधा. रोज ठरलेल्या वेळी पाहा आणि वहीत चित्र काढा. बोट कशाला धरतं? किती दिवसांत पूर्ण वेढा पडतो? कळ्या येईपर्यंत अशी निदान दहा चित्रं जमली पाहिजेत.

वेल फूटभर झाली की मूठभर गांडूळखत घाला आणि कळ्या दिसल्या की पुन्हा एकदा. तेवढं पुरे. खत जास्त झालं तर पानंच पानं येतात.

विष पचवणारी पाहुणी

एखाद्या सकाळी पानांवर काळ्या रंगाच्या, अंगावर पांढरे-पिवळे आणि लाल ठिपके असलेल्या अळ्या दिसतील. ही एका पतंगाची अळी. त्याचं शास्त्रीय नावच पॉलिटेला ग्लोरिओसी, म्हणजे आपल्या ग्लोरिओसावरून पडलेलं! ज्या पानांना गाय-शेळी बाधते, ती पानं ही अळी मजेत फस्त करते. तिचे भडक रंग म्हणजे 'मला खाऊ नका, पस्तावाल' अशी पाटीच आहे. अळ्या दोन-चार असतील तर राहू द्या आणि त्यांचं निरीक्षण करा. पण वेल ओरबाडली जायला लागली, तर लांब काडीने त्यांना उचलून बाजूला करा. पतंगासाठी विषारी फवारा मारायची गरज नाही, कारण त्याच वेलीवर फुलपाखरं आणि शिंजीर मध प्यायला येणार आहेत.

ज्वाळा फुलते तेव्हा

जुलै-ऑगस्टमध्ये कळ्या येतात. कळी हिरवी असते आणि मान खाली घालून लटकते. उमलताना सहा पाकळ्या खाली न पसरता उलट वर वळतात. त्यांच्या कडा झालरीसारख्या चुण्यांच्या. पहिल्या दिवशी रंग हिरवट-पिवळा, मग पिवळ्याच्या टोकाला केशरी, मग अर्धी पिवळी अर्धी लाल आणि शेवटी पूर्ण लालभडक. एकाच वेलीवर सगळ्या वयाची फुलं असतात, म्हणून ती पेटल्यासारखी दिसते. खाली पाहिलंत तर सहा लांब पुंकेसर छत्रीच्या काड्यांसारखे बाहेर पसरलेले दिसतील आणि मधली स्त्रीकेसराची दांडी चक्क काटकोनात वळून बाजूला गेलेली! आपलेच पराग आपल्यावर सहजी पडू नयेत, म्हणून केलेली ही सोय.

या फुलाचा मान मोठा आहे. ते झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल आहे आणि आपल्या तामिळनाडूचं राज्यफूल. तमिळमध्ये त्याला कांदळ म्हणतात आणि दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या संगम साहित्यात त्याचा उल्लेख येतो. १९४७ साली इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ एकवीस वर्षांची झाली, तेव्हा त्या वेळच्या दक्षिण ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या, शाळकरी मुलांनी पैसे जमवून तिला याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट दिला होता.

पण जागा बदलली की मान बदलतो! ऑस्ट्रेलियात शोभेसाठी नेलेली हीच वेल पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर पसरली आणि तिथल्या मूळच्या झाडांना जड झाली. तिथले लोक तिला तण म्हणून काढून टाकतात. परदेशात राहणाऱ्या दोस्तांनी हे ध्यानात ठेवावं. आपल्याकडचं रानफूल दुसऱ्याच्या रानात पाहुणं असतं, आणि पाहुण्याने किती पाय पसरायचे हे आधी विचारावं लागतं.

कोकणात काही गावांत गौरीच्या सणाला ही फुलं आणतात. तुमच्याकडे ती पद्धत असेल तर कुंडीतली दोन फुलं जरूर द्या, पण नैवेद्याच्या ताटाला, पाण्याच्या तांब्याला ती लागणार नाहीत हे तुम्ही स्वतः पाहा. घरात सगळ्यांना हे ठाऊक असेलच असं नाही.

फूल सुकलं, की मोठ्यांकडून ते देठासकट कापून घ्या. नाहीतर मागे शेंगेसारखं फळ धरतं आणि ते तडकलं, की आत लालचुटूक बिया दिसतात. अगदी खाव्याशा वाटतील अशा! घरात त्या नकोत.

आणि मग झोप

इथे बहुतेकांची कळलावी मरते. वेलीने मारलेली नसते, माणसांनी मारलेली असते, तीही प्रेमाने.

ऑक्टोबर उजाडला, की पानं पिवळी पडू लागतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, 'अरे, वेल सुकतेय, पाणी घाल!' कुणी म्हणतं, 'किती वाईट दिसतंय, कापून टाक!' दोन्ही करू नका. जुना कंद दरवर्षी सुकून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार होत असतो. त्या नव्या कंदाचं जेवण बनतं ते या उरल्यासुरल्या हिरव्या पानांत. पान पूर्ण वाळेपर्यंत ते कामावर आहे. फुलं ही या वर्षाची गंमत, पण ती म्हातारी पानं म्हणजे पुढच्या वर्षाची शिदोरी.

पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करा. वेल पूर्ण वाळली की पाणी बंद करा आणि खोड हळूच मातीच्या वर कापा. कुंडी पत्र्याखाली, जिन्याखाली, पाणी पडणार नाही अशा जागी ठेवा. पाटी तशीच राहू द्या. 'कुंडी रिकामीच आहे' असं समजून कुणी तिच्यात कोथिंबीर पेरली तर काय होईल, याचा विचार करा! नोव्हेंबर ते मे कुंडीत काहीही दिसणार नाही. दिसत नाही याचा अर्थ नाही असा नसतो. आपल्या रानातल्या कितीतरी वनस्पती असाच उन्हाळा मातीखाली काढतात.

दोन वर्षांनी एकदा, मे महिन्यात, मोठ्या माणसाने हातमोजे घालून माती बदलावी. बहुधा एकाऐवजी जास्त कंद सापडतील. तेव्हा एक मित्राला द्यावा, पाच नियमांच्या कागदासकट.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कंद लावून तीन आठवडे झाले, कोंब नाही. उकरून पाहू का?
नको! उकरताना टोक मोडतं आणि मग खरंच काही उगवत नाही. जुलैअखेरपर्यंत वाट पाहा. कधीकधी एखादा कंद उशिरा जागा होतो.

वेलीचा शेंडा मोडला, आता काय?
त्या वर्षी पुन्हा शेंडा फुटेलच असं नाही. पण उरलेली पानं सांभाळा. ती कंद पोसतील आणि पुढच्या पावसात वेल परत येईल.

'कळलावी लावली की घरात कळ लागते, भांडणं होतात,' असं कुणी म्हणालं तर?
त्यांना हसू नका. पूर्वी बाळंतपणाच्या कळा लवकर याव्यात म्हणून हिचा कंद वापरत, त्यावरून कळलावी हे नाव आलं, असं मानतात. तो उपाय जिवावर बेतणारा आहे, तो कुणीही करू नये. भांडणाची भीती खोटी, पण तिच्यामागची 'या वेलीपासून लांब राहा' ही सूचना खरी आहे. ती सूचना आपण ठेवू या आणि भीती सोडून देऊ या.

वहीत नोंदवा

एका पानावर वर्षभराचा तक्ता आखा. कंद लावल्याची तारीख, पहिला जोराचा पाऊस, कोंब दिसला तो दिवस, दर रविवारी वेलीची उंची, पहिली कळी, पहिलं फूल, रंग बदलायला लागलेले दिवस, पहिलं पिवळं पान आणि वेल पूर्ण वाळली ती तारीख. नोव्हेंबर ते मे या रकान्यांत एकच शब्द लिहा: 'झोप'. पुढच्या वर्षी याच तारखा शेजारी लिहा. पाऊस लवकर आला की कोंबही लवकर येतो का, हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.

ज्यांच्या घरी लहान भावंडं आहेत, त्यांनी नाराज होऊ नका. तुमच्यासाठी पुढच्या आठवड्यात गोकर्णाची वेल घेऊन येतो. तोपर्यंत रस्त्याकडेच्या कुंपणावर ज्वाळा शोधा. दिसली तर थांबा, डोळे भरून पाहा, पाकळ्या मोजा, आणि हात खिशात ठेवून पुढे जा!

तुमचा,
माळीकाका